गाणं प्लेलिस्टमध्ये गेलं, पण ऐकलं कोणी?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की गाणं अपलोड करणं आता पोरखेळ झालाय, ते अनोळखी माणसाच्या कानापर्यंत पोचवणं मात्र तितकंच अवघड राहिलंय. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून यावेळी सगळं सदर प्लेलिस्टलाच दिलंय. बहुतेकांनी फिरवून फिरवून एकच विचारलंय, प्लेलिस्टमध्ये शिरायचं कसं? मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कुठल्या प्लेलिस्टमध्ये? पण एकेक घेऊ. पत्रं जागेसाठी थोडी कापली आहेत, रागवू नका.

प्रश्न : ताई, माझं पहिलंच गाणं येत्या शुक्रवारी रिलीज होतंय, आज मंगळवार. मित्र म्हणतो स्पॉटिफायच्या एडिटरला पिच करता येतं. ते कसं करतात आणि तीन दिवसात होईल का? (वय १९)

तारीख पुढे ढकल. खरंच सांगते, आज रात्रीच डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे तुझं गाणं स्पॉटिफाय वगैरेंकडे पोचवणाऱ्या कंपनीच्या, साइटवर जाऊन बदल. पहिल्या गाण्याची वाट बघत जग बसलेलं नसतं (टोचेल, पण सगळ्यांचंच तसं असतं), त्यामुळे तीन-चार आठवडे उशीर झाला तर कुणाचं काही अडत नाही आणि तुझा मात्र बराच फायदा होतो.

कसा ते बघ. ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ नावाचं कलाकारांसाठीचं वेगळं ॲप आणि साइट आहे, तिथे आधी तुझं प्रोफाइल क्लेम करायचं. डिस्ट्रिब्युटरने, म्हणजे डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी वगैरेपैकी तू जो घेतला असशील त्याने, गाणं पुढे पोचवलं की ते तिथे ‘अपकमिंग’मध्ये दिसायला लागतं आणि तिथूनच पिच करायचं, म्हणजे स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या एडिटर मंडळींना गाणं सुचवायचं, फुकट. दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेव. गाणं बाहेर आलं की पिचचं दार बंद, नंतर कितीही हातापाया पडलास तरी उघडत नाही. आणि रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पिच केलं असेल तर एडिटरने घेतलं नाही तरी तुला फॉलो करणाऱ्यांच्या ‘रिलीज रडार’ मध्ये, म्हणजे प्रत्येकासाठी आपोआप बनणाऱ्या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये, तेच गाणं जातं. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि माझ्या मते नवख्यासाठी तीच जास्त कामाची आहे. म्हणून मी सगळ्यांना तीन-चार आठवडे हातात ठेवा म्हणते, डिस्ट्रिब्युटरकडेच कधी कव्हरचा आकार चुकला म्हणून तर कधी नावाचं स्पेलिंग जुळलं नाही म्हणून आठवडा जातो. एका वेळी एकच गाणं पिच करता येतं, त्यामुळे ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम, असेल तर त्यातलं कुठलं हे आधी ठरवायचं. शुक्रवार ठेवलास ते ठीक, २०१५ च्या जुलैपासून जगभर नवीन गाण्यांचा वार शुक्रवारच झालाय.

आता पिच लिहायचं कसं. जागा असते ५०० अक्षरांची. शब्दांची नाही, अक्षरांची. त्यात बहुतेक जण असं काहीतरी लिहितात: ‘हे गाणं माझ्या हृदयाच्या खूप जवळचं आहे, खूप मेहनत घेतली आहे, सर्वांना नक्की आवडेल, कृपया एक संधी द्यावी.’ पलीकडे बसलेल्या माणसाला यातून काय कळलं? गाणं अंगाई आहे की डान्स नंबर तेही कळलं नाही. त्यापेक्षा हे बघ:

‘रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवताना ऐकायचं संथ गाणं. ॲकूस्टिक गिटार, एक चेलो आणि दबका आवाज, ड्रम्स नाहीत. नोकरी सोडली त्या रात्री लिहिलं. घरातल्या खोलीतच रेकॉर्ड केलं, मागे ऐकू येतो तो पाऊस खरा आहे. रिलीजच्या दिवशी व्हिडिओ येतोय आणि त्याच आठवड्यात दोन छोटे कार्यक्रम आहेत.’

बघितलंस? एडिटरच्या डोक्यात एक कपाट असतं आणि प्रत्येक गाण्याला तो खण शोधत असतो. तू त्याला खण दाखवून दिलास आणि वर हेही सांगितलंस की गाणं बाहेर आल्यावर तू हातावर हात ठेवून बसणार नाहीयेस. फॉर्ममध्ये भाषा, प्रकार, मूड, वाद्यं असे पर्याय टिक करायचे असतात, ते मनातलं नाही तर गाण्यातलं बघून टिक कर. उदास गाण्याला ‘पार्टी’ टिक केलं तर जास्त ठिकाणी जाईल असं वाटतं लोकांना. तसं होत नाही, ते कुठेच जात नाही.

प्रश्न : मी पन्नाशीचा हौशी गायक आहे. इन्स्टाग्रामवर एकाने मेसेज केला, ‘१०,००० स्ट्रीम्स गॅरंटीड, १००% ऑर्गॅनिक’. पैसे भरले. आठ दिवसात आकडा खरंच झाला, घरात पेढे वाटायचे बाकी होते. नंतर महिन्याभराने डिस्ट्रिब्युटरचा मेल आला की कृत्रिम स्ट्रीमिंग आढळल्यामुळे गाणं काढून टाकलं आहे. मी तर काहीच केलं नाही हो, नुसते पैसे दिले.

दादा, वाईट वाटलं वाचून. तुमच्या पत्राबरोबर तुम्ही जो स्क्रीनशॉट पाठवलाय त्यातच सगळी कथा आहे. ऐकणारे ३१० आणि स्ट्रीम्स, म्हणजे गाणं वाजल्याची मोजणी, १०,००० च्या वर, म्हणजे माणशी बत्तीसेक वेळा. सेव्ह, म्हणजे गाणं आपल्या लायब्ररीत ठेवून घेणारे, किती? ४. आता तुम्हीच सांगा, एखादं गाणं आठ दिवसात बत्तीस वेळा ऐकणारा माणूस ते सेव्ह करणार नाही का? त्या ३१० पैकी माणूस बहुधा तुमच्या घरचेच चारजण, बाकी सगळे बॉट. कुठेतरी ढीगभर अकाउंट्स एका स्क्रिप्टवर रात्रंदिवस गाणी वाजवत बसलेली असतात, आवाज कुणाच्याच कानात जात नाही.

‘मी काही केलं नाही’ हे खरंय, पण नियम तसा बघत नाही. स्ट्रीम्स कुणी आणले याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं, गाणं तुमचं तर जबाबदारी तुमची. असे स्ट्रीम्स पकडले गेले की आकड्यातून वजा होतात, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि २०२४ पासून स्पॉटिफाय उघडउघड बोगस स्ट्रीमिंग सापडलं तर गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, तो काही डिस्ट्रिब्युटर सरळ कलाकाराच्या खात्यातून वळता करतात. म्हणजे गाण्याचे पैसे गेले, प्रमोशनचे गेले आणि वर दंड. त्याच वर्षापासून आणखी एक नियम आलाय, मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम्स झाल्याशिवाय गाण्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच सुरू होत नाही. या हजाराच्या भीतीनेच बरेच जण अशा मेसेजला भुलतात.

आता करायचं काय. डिस्ट्रिब्युटरला उत्तर लिहा, खरं काय ते सांगा, पैसे दिल्याची पावती आणि त्या माणसाचे मेसेज जोडा, पुन्हा करणार नाही असं लिहा. गाणं परत चढवू देतील की नाही ते त्यांच्यावर. लपवालपवी मात्र करू नका, त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आकडे आहेत. आणि ‘गॅरंटीड’ हा शब्द दिसला की पुढचं वाचूच नका. खरी माणसं काय ऐकतील याची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, बॉट काय ऐकतील याची कुणीही देऊ शकतो.

(जाता जाता, हे फक्त हौशी लोकांपुरतं नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या एका माणसावर सरकारी वकिलांनी आरोप ठेवले की त्याने एआयने बनवलेली लाखो गाणी चढवली, बॉट अकाउंट्सकडून वाजवून घेतली आणि १ कोटी डॉलरच्या वर रॉयल्टी उचलली. एकाच गाण्यावर आकडा फुगला तर डोळ्यात येतं म्हणून हजारो गाण्यांवर थोडा थोडा पसरायचा, अशी ती युक्ती. तुमच्या त्या इन्स्टाग्रामवाल्याला एवढीही अक्कल नव्हती.)

प्रश्न : मग चांगली प्लेलिस्ट आणि फसवी प्लेलिस्ट ओळखायची कशी? फॉलोअर्स तर सगळ्यांचेच हजारात दिसतात.

फॉलोअर्स हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा, कारण विकत घ्यायला तोच सगळ्यात सोपा. मी काय करते ते सांगते.

परवाच एक प्लेलिस्ट उघडली, ३८,००० फॉलोअर्स. नाव असं की जगातलं कुठलंही गाणं त्यात बसावं, टॉप, हिट्स, व्हायरल, सगळं एकत्र. पहिलं गाणं मेटल, दुसरं पियानोवरची अंगाई, तिसरं क्लबमधलं, चौथं कुणाचं तरी कराओके असावं तसं. इथेच शंका यायला पाहिजे, कारण हे सगळं सलग ऐकणारा माणूस मी अजून बघितला नाही. मग चौथ्या गाण्याच्या कलाकाराच्या प्रोफाइलवर गेले. महिन्याचे ऐकणारे ६०,००० आणि त्याला फॉलो करणारे ११२. साठ हजार लोकांनी ऐकलं आणि एवढ्यांनाच तो पुन्हा ऐकावासा वाटला? खाली ‘डिस्कव्हर्ड ऑन’ असा भाग असतो, लोकांना हा कलाकार कुठल्या प्लेलिस्टमधून सापडला ते त्यात दिसतं, तिथे हीच प्लेलिस्ट आणि तिच्या दोन बहिणी, त्याच मालकाच्या, तशाच नावाच्या. ‘अबाउट’मध्ये ऐकणाऱ्यांची वरची पाच शहरं दिसतात, ती त्या कलाकाराच्या भाषेशी, देशाशी कशाशीच जुळेनात. आणखी तीन कलाकार बघितले, त्यांची शहरं हुबेहूब तीच पाच. बस, बंद केली.

याच्या उलट ९०० फॉलोअर्सची एक प्लेलिस्ट मला माहिती आहे, फक्त चेलो असलेली संथ गाणी, बनवणारा माणूस दर आठवड्याला दोन टाकतो दोन काढतो, का काढलं तेही कधीकधी वर्णनात लिहितो. चेलोवाल्या गाण्याला त्या अडतीस हजारांपेक्षा हे नऊशे सोन्याहून पिवळे.

आणि फसवी प्लेलिस्ट नुसती निरुपयोगी नसते, ती नुकसान करते, हे कळायला मला स्वतःला ठेच लागली. काही वर्षांपूर्वी माझं एक गाणं अशाच एका मोठ्या प्लेलिस्टमध्ये आपसूक गेलं, मी पैसेही दिले नव्हते, काय खूश झाले होते. दोन हजार स्ट्रीम्स आले, सेव्ह ३. त्यानंतर माझ्या प्रोफाइलवर ‘फॅन्स ऑल्सो लाइक’ मध्ये कोण दिसायला लागलं माहितीये? झोप लागण्यासाठी पंख्याचा आवाज आठ तास, असले ट्रॅक बनवणारे लोक. कारण ती प्लेलिस्ट जी अकाउंट्स वाजवत होती तीच अकाउंट्स पंख्याचे आवाजही वाजवत होती. सिस्टिमला गाणं कळतं ते बऱ्याच अंशी ते ऐकणाऱ्यांवरून, हे ऐकणारे आणखी काय ऐकतात, त्यावरून ती तुमचे शेजारी ठरवते आणि पुढे तशाच लोकांना तुमचं गाणं नेऊन देते. शेजार एकदा बिघडला की सुधारायला महिने लागतात, माझे सहा गेले. तेव्हा अशा प्लेलिस्टमध्ये न विचारता तुमचं गाणं दिसलं तर खूश होऊ नका, स्पॉटिफायला रिपोर्ट करा आणि डिस्ट्रिब्युटरलाही आधीच लिहून ठेवा, म्हणजे उद्या वरच्या दादांसारखा मेल आला तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

प्रश्न : सबमिटहबसारख्या साइटवर क्युरेटरला पैसे देऊन गाणं पाठवणं म्हणजे लाच झाली ना?

फरक बारीक आहे पण आहे. तिथे पैसे ऐकण्याचे आणि मत देण्याचे असतात, गाणं प्लेलिस्टमध्ये घेण्याचे नाही. क्युरेटर, म्हणजे प्लेलिस्ट बनवणारा, ऐकून ‘नको’ म्हणू शकतो आणि बहुतेक वेळा म्हणतोच. ‘एवढे द्या, महिनाभर ठेवतो’ असं जिथे असतं ती सरळ जागा विकणं झाली, स्पॉटिफायच्या नियमात ते बसत नाही आणि प्लेलिस्टच उडवली जाऊ शकते. हा खेळ नवा नाही. अमेरिकेत रेडिओवाल्यांना चोरून पैसे देऊन गाणी वाजवून घ्यायचे, त्याला पेओला म्हणत, १९५९-६० मध्ये त्यावर संसदीय चौकशी झाली आणि १९६० मध्ये कायदा आला की पैसे घेतले असतील तर ऐकणाऱ्याला सांगा. तेव्हा डीजे होते, आता क्युरेटर.

पाठवणार असाल तर एकदम पन्नास जणांना पाठवू नका. पाच निवडा, त्यांची प्लेलिस्ट खरंच ऐका, आणि नकारासोबत दोन ओळी येतात त्या राग न धरता वाचा. चारजणांनी ‘सुरुवात लांबली’ लिहिलं असेल तर सुरुवात लांबलीच आहे.

प्रश्न : आमच्या बँडचं गाणं एका एडिटोरियल प्लेलिस्टमध्ये पाच आठवडे होतं. रोजचे ९०० स्ट्रीम्स यायचे. मागच्या शुक्रवारी काढलं आणि आता रोजचे ४०. आमचं काही चुकलं का? एडिटर नाराज झाला असेल का?

नाही हो, एडिटरला तुमची आठवणही नसेल. त्यांना जागा फिरती ठेवायची असते, पाच आठवडे म्हणजे चांगले झाले. तुमचं चुकलं असलंच तर ते पाच आठवड्यांत काय केलं नाही यात आहे.

आधी स्ट्रीम्सचा आकडा सोडा आणि ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्ये ‘सोर्स’ उघडा. तिथे दिसतं कुठून ऐकलं गेलं, एडिटोरियल (स्पॉटिफायच्या एडिटरने बनवलेल्या), अल्गोरिदमिक (सिस्टिमने आपोआप बनवलेल्या), इतर लोकांच्या प्लेलिस्ट, कलाकाराचं प्रोफाइल आणि ऐकणाऱ्याची स्वतःची लायब्ररी. मी शेवटच्या खणाकडे बघते. तुम्ही ज्याला पडझड म्हणताय त्या रोजच्या ४० पैकी २५ जर लोकांच्या स्वतःच्या लायब्ररीतून येत असतील तर मी म्हणेन गाणं जगलं. ती माणसं प्लेलिस्टने चमच्याने भरवलं म्हणून ऐकत नाहीयेत, त्यांनी तुमचं गाणं घरी नेलंय. आणि ४० च्या ४० इकडून तिकडून आलेले असतील तर ९०० सुद्धा पाहुणेच होते, जेवले आणि गेले.

प्लेलिस्टमध्ये गाणं असताना करायची कामं साधी असतात पण आनंदात राहून जातात. प्रोफाइलवर येणाऱ्याला दुसरं काय ऐकायचं ते वर पिन केलेलं असावं, फोटो आणि माहिती ताजी असावी, गाण्याला कॅनव्हस, म्हणजे ती ३ ते ८ सेकंदांची फिरती चित्रफीत, लावलेली असावी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढचं गाणं तयार असावं. कारण त्या पाच आठवड्यांत ज्यांनी फॉलो केलं त्यांच्या रिलीज रडारमध्ये पुढचं गाणं आपोआप जाणार असतं. तुमचं पुढचं गाणं कधी आहे ते पत्रात कुठेच नाही. तेच विचारायचं होतं मला.

प्रश्न : रात्री झोपताना फोन म्यूट करून स्वतःचं गाणं रिपीटवर लावलं तर स्ट्रीम्स मोजले जातात का? घरातले चार फोन आहेत. हसू नका प्लीज.

हसले. पण तुम्ही पहिले नाही. २०१४ मध्ये वल्फपेक नावाच्या अमेरिकन बँडने एक आख्खा अल्बमच शांततेचा काढला होता, नाव ‘स्लीपिफाय’, तीस-एक सेकंदांचे दहा ट्रॅक आणि त्यात आवाज शून्य. चाहत्यांना सांगितलं, झोपताना लूपवर लावा. ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो म्हणून ट्रॅक तेवढेच लांब. जवळपास २०,००० डॉलर मिळवले त्यांनी आणि त्यातून फुकट कार्यक्रमांचा दौरा केला. स्पॉटिफायने दौऱ्याच्या आधीच अल्बम काढून टाकला होता. तेव्हा गंमत म्हणून खपलं, आता तुमचे चार फोन एकाच वायफायवर रात्रभर एकच गाणं वाजवताना दिसले तर ते बॉटच्याच खात्यात जमा होईल. स्वतःचं गाणं दिवसात दोनदा ऐकलंत तर कुणी काही म्हणत नाही. फोन चार्जिंगला लावा आणि झोपा.

त्यापेक्षा स्वतःची एक प्लेलिस्ट काढा, हे मात्र मी मनापासून सांगेन. फक्त तुमच्याच गाण्यांची नाही, ती तुमच्याशिवाय कुणी उघडणार नाही. तुमच्या गाण्याच्या जातकुळीची तीसेक गाणी, काही माहितीतली, काही तुमच्यासारख्याच नवख्यांची, आणि मध्ये कुठेतरी, सहाव्या-सातव्या नंबरवर, तुमचं एक. नाव असं द्या की कुणीतरी खरंच ते सर्चमध्ये टाइप करेल, ‘पहाटे पळताना’, ‘घर आवरताना’ असं काहीतरी. ज्या नवख्यांची गाणी घेतलीत त्यांना कळवा, ते शेअर करतात आणि कधीकधी तुमचंही गाणं घेतात. हळू चालतं हे, पण यातून येणारा ऐकणारा योग्य गल्लीतला असतो.

प्रश्न : ‘डिस्कव्हरी मोड’ चालू करू का? डिस्ट्रिब्युटर म्हणतोय फायदा आहे.

यात आधी खिशातून काही द्यावं लागत नाही म्हणून फुकट वाटतं, पण तसं नाहीये. तुम्ही एखादं गाणं निवडता, स्पॉटिफाय ते रेडिओ, ऑटोप्ले आणि मिक्स अशा ठिकाणी जास्त पुढे करतं आणि तिथून आलेल्या स्ट्रीम्सच्या रेकॉर्डिंग रॉयल्टीतून ३०% कापून घेतं. एडिटोरियल प्लेलिस्टशी याचा संबंध नाही. माझं मत, नवीन गाण्याला नको. जे गाणं आधीच लोक सेव्ह करतायत, ज्याचे शेजारी बरोबर लागलेत, ते एखाद्या महिन्यासाठी लावून बघा आणि महिन्याच्या शेवटी फॉलोअर्स वाढले का तेवढंच बघा. वाढले नसतील तर बंद करा. गाणं न ऐकताच पुढे ढकललं जात असेल तर आणखी लोकांपुढे नेऊन ते आणखी ढकललंच जाईल.

प्रश्न : माझं गाणं ९ मिनिटांचं आहे, पहिली दीड मिनिटं नुसती वाद्यं. सगळे म्हणतात कापून ३ मिनिटांचं कर नाहीतर प्लेलिस्टमध्ये कोणी घेणार नाही. मला जिवावर येतंय.

हिशोब कोरडा आहे, ३० सेकंद ऐकलं तरी एक स्ट्रीम आणि ९ मिनिटं ऐकलं तरी एकच. त्यामुळे लांब गाण्याला पैशात तोटा हा आहेच. आणि प्लेलिस्टमध्ये अनोळखी माणूस दीड मिनिट थांबत नाही, बहुतेकांचा अंगठा स्किपवर तयारच असतो.

पण मूळ गाण्याला हात लावू नका. एक छोटी आवृत्ती वेगळी करा, जी सरळ आवाजापासून सुरू होते, साडेतीन-चार मिनिटांची, ती आधी सोडा आणि पिच तिचंच करा. पूर्ण गाणं त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. छोट्या गाण्यावर थांबलेला माणूस मोठ्याकडे स्वतःहून जातो, उलटं क्वचित होतं. आणि दोन्हींना आयएसआरसी कोड वेगवेगळा घ्या, हा १२ अक्षरांचा कोड म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळखक्रमांक, तो एकच दिला की दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळून गोंधळ होतो.

प्रश्न : स्पॉटिफाय सोडून बाकीच्यांचं काय?

थोडक्यात. ॲपल म्युझिकच्या एडिटरपर्यंत साधारणपणे डिस्ट्रिब्युटर किंवा लेबलमार्फतच जावं लागतं, म्हणून तुमचा डिस्ट्रिब्युटर ते करतो का हे घेताना विचारा. शॅझॅम, म्हणजे वाजणारं गाणं ऐकून ओळखणारं ॲप, २०१८ पासून ॲपलचंच आहे, तेव्हा कार्यक्रमात नवं गाणं वाजवलं की लोकांना शॅझॅम करायला सांगायला लाजू नका. ॲमेझॉन म्युझिकचं कलाकारांसाठी वेगळं ॲप आहे, त्यातून पिच करता येतं, गर्दी कमी असते असा माझा अनुभव. यूट्यूबवर ‘ऑफिशियल आर्टिस्ट चॅनल’ करून घ्या, नाहीतर डिस्ट्रिब्युटरने आपोआप बनवलेलं चॅनल एकीकडे आणि तुमचं स्वतःचं दुसरीकडे अशी विभागणी होऊन बसते.

प्रश्न : माझ्या मुलाचं गाणं आलंय. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर १४० जण आहेत, सोसायटीचा ग्रुप वेगळा. सगळ्यांना ‘लिंक उघडा आणि वाजवा’ असं रोज पाठवते. मुलगा म्हणतो आई बंद कर. त्याचं बरोबर की माझं?

काकू, तुमची माया कळते, पण यावेळी मुलाचं बरोबर आहे. त्या १४० जणांतले शंभरजण तुमच्या शब्दाखातर लिंक उघडतील, वीस सेकंद ऐकतील आणि अंगठा पाठवून बंद करतील. २० सेकंद म्हणजे स्ट्रीमही नाही, आणि इतक्या लोकांनी अर्ध्यात सोडलेलं गाणं असा शिक्का मात्र पडतो. बरं जे पूर्ण ऐकतील ते एरवी भजनं, जुनी गाणी, बातम्यांचे पॉडकास्ट ऐकणारे, आणि मुलाचं गाणं तुम्ही लिहिलंय त्यावरून बऱ्यापैकी धांगडधिंग्याचं दिसतंय. मग तो पंख्याचा आवाज आठवा, सिस्टिमला वाटणार हे गाणं भजनवाल्यांचं.

असं करा. ग्रुपमधली पंचविशीच्या आतली आणि खरोखर असली गाणी ऐकणारी पोरं कोण ते तुम्हाला माहिती असणारच. तेवढ्या आठ-दहाजणांना वेगळा मेसेज करा, रोज नाही, एकदाच, आणि ‘वाजव’ म्हणू नका, ‘आवडलं तर सेव्ह कर, नाही आवडलं तर मला सांग’ म्हणा. बाकीच्यांना त्याचा कार्यक्रम असेल तेव्हा बोलवा, तिथे टाळ्या वाजवायला सगळे लागतात.